इंट्रोव्हर्ट म्हणजे लाजाळू नव्हे

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: इंट्रोव्हर्ट म्हणजे लाजाळू, माणसांना बिचकणारं मूल, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने माणसांच्या दोनच जाती सांगितल्या, इंट्रोव्हर्ट (अंतर्मुख) आणि एक्स्ट्रोव्हर्ट (बहिर्मुख), आणि अशा मुलाला चारचौघांत ढकललं की ते ‘सुधारतं’. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी लाजेचं. लाजाळू माणसाला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने शब्द ओठांवर अडतात. इंट्रोव्हर्टला ती धास्ती असेलच असं नाही. तो लग्नघरी पंगत वाढेल, सभेत तासभर बोलेल, आणि मग त्याला घरी येऊन दार लोटून बसावंसं वाटेल. लाजणं वेगळं आणि माणसांची ओढ कमी असणं वेगळं, हे चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच दाखवलं. आपल्या भाषेला तर हे भेद केव्हाचे ठाऊक आहेत. भिडस्ताला नाही म्हणवत नाही, बुजरा नवख्यापुढे आक्रसतो, मितभाषी मोजकं बोलतो, घुम्या थांग लागू देत नाही, माणूसघाण्याला माणसंच नकोत. एवढी नेमकी मापं हाताशी असताना सगळ्यांना एकच लेबल का लावायचं?

युंगने १९२१ च्या ग्रंथात बडबड मोजली नव्हती. मनाची ऊर्जा बाहेरच्या जगाकडे वळते की आतल्या, हा त्याचा प्रश्न होता. बहुसंख्य माणसं या दोन टोकांच्या मधली, हेही त्यानेच लिहिलंय. ‘इंट्रोव्हर्ट’ या शब्दामागच्या लॅटिन धातूचा अर्थ ‘वळणे’, आणि मन आत वळवणं या अर्थाने ‘इंट्रोव्हर्ट’ हे क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. ‘त्या नाटकाने अंतर्मुख केलं’ असं आपण म्हणतो तेव्हा हाच जुना अर्थ बोलत असतो. त्यात भीती कुठेच नाही.

राहिलं ‘सुधारणं’. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत सामाजिक भीतीचा विकार आहे, इंट्रोव्हर्ट असणं नाही. भीतीपायी मूल शाळा टाळू लागलं तर जरूर समुपदेशकाकडे न्या.

माझी भाची पाहुण्यांशी दोन वाक्यं बोलते आणि आजीशी तासन्‌तास. तिला ‘मुकी आहेस का? म्हण बरं एक गाणं’ म्हणत दिवाणखान्याच्या मधोमध उभं करू नका.