मॉनिटर काळा पडतो म्हणून चालू बोर्डाला स्क्रू ड्रायव्हर लावू नका

‘मॉनिटर दोन सेकंदांत काळा पडतो? मेकॅनिकला पैसे देऊ नका’ असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. काल तो आत्याकडून आला, आणि तिचा मुलगा मागचं झाकण उघडायला बसलाच होता. म्हणून हे लिहितोय.

मजकूर म्हणतो: पॅनेल गेलेलं असतं. केबल बघून उपयोग नाही. मॉनिटर चालू ठेवून मोठ्या कंडेन्सरचे (कपॅसिटरचे) दोन पाय स्क्रू ड्रायव्हरने जोडा, ‘अडकलेला चार्ज’ निघून जातो. फुगलेल्या कंडेन्सरच्या जागी हाताला येईल तो लावा. तोवर चालू-बंद करत राहा.

आधी स्क्रू ड्रायव्हरचं, कारण यात जीव जाऊ शकतो. सप्लाय बोर्डावरचा तो जाडा कंडेन्सर थेट घरातल्या विजेवर भरतो. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या भागातून) गेली की त्याच्या पायांवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असते. प्लग लावलेला असताना ते पाय जोडलेत तर मेन लाइनच शॉर्ट होते. फ्यूज उडतो, ब्रिज फुटतो, वितळलेला धातू डोळ्यांपर्यंत उडतो. प्लग काढला तरी लगेच निर्धास्त होऊ नका: सप्लाय सुरूच होत नसेल तर चार्ज उतरायला वाट नसते, तो बराच वेळ तसाच राहतो. आणि ‘अडकलेल्या चार्ज’ने स्क्रीन काळी पडतच नाही. चार्ज धरून ठेवणं हेच त्या कंडेन्सरचं काम आहे.

बोर्डाला हात लावायचाच असेल तर प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मल्टिमीटर ६०० व्होल्ट डीसीवर ठेवून त्या पायांवर मोजा. १० व्होल्टच्या वर दिसलं तर २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी तीन-चार सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. हे जमणार नसेल तर झाकण उघडू नका.

पॅनेल गेलं की नाही ते टॉर्चने कळतं. स्क्रीन काळी पडली की खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरपी धरून काचेजवळ न्या. खिडक्या, आयकॉन अंधुक दिसले तर चित्र येतंय, गेलाय तो बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचा उजेड. बॅकलाइटला बारीक ट्यूब असलेल्या जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये दोन सेकंदांत काळं होणं हे बहुतेक वेळा इन्व्हर्टर सेक्शनचं (त्या ट्यूबना वीज पुरवणाऱ्या भागाचं) संरक्षण असतं, तो स्वतःच बंद होतो: एखादी ट्यूब थकलेली, ट्रान्सफॉर्मरचं सोल्डर तडकलेलं, किंवा सप्लाय डगमगणारा. त्या ट्यूब पेटवायला हजार व्होल्टच्या वर लागतात, तेव्हा चालू मॉनिटरमध्ये तिथेही बोट नको. एलईडी बॅकलाइटवाल्यांत पट्टीतला एक एलईडी जळून सर्किट तुटलं तरी ड्रायव्हर (एलईडींना वीज देणारा भाग) अख्खी पट्टी बंद करू शकतो.

कंडेन्सरबद्दल मात्र मजकुरात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. जुन्या मॉनिटरमध्ये दुय्यम बाजूचे, म्हणजे १० ते २५ व्होल्टचे, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर खरोखर डोकं फुगून जातात. पण ‘हाताला येईल तो’ चालत नाही. पॅनासॉनिकच्या एफआर मालिकेची डेटाशीट उघडून बघा: तिथे १०० किलोहर्ट्झला इम्पिडन्स (एसीला होणारा रोध) दिलेला असतो, आणि १००० मायक्रोफॅरडच्या आसपास तो ओहमच्या शतांशांत असतो. साध्या कंडेन्सरचा तो कितीतरी जास्त, म्हणून तो तापतो आणि पुन्हा फुगतो. याच कारणाने साध्या मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसूनही कंडेन्सर निकामी असू शकतो. तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचा, लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेला) असा मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. उंची बघा, नाहीतर झाकण बसत नाही. अंगावरची पट्टी निगेटिव्ह. उलटा लावला तर फुटतो.

चालू-बंद करत राहिल्याने कधीकधी स्क्रीन टिकते, कारण कंडेन्सर गरम झाला की त्याचा अंतर्गत रोध उतरतो. पण दुरुस्ती झालेली नसते, आणि दर वेळी इन्व्हर्टरच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

केबलचं तर आधीच बघायचं. काळं पडल्यावर मॉनिटरचं मेनू बटण दाबा. मेनू लख्ख उमटला तर बॅकलाइट ठीक आहे. केबल बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघा, स्क्रू ड्रायव्हर डब्यातच राहू द्या.