तिसरीचे काय करायचे?

निवडणूक जाहीर झाल्याची बातमी लागली, की आमच्या शुक्रवार पेठेतील इतर घरांत उमेदवारांची चर्चा सुरू होते आणि आमच्या घरात आई माळ्यावरचे घोंगडे उतरवायला सांगते. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकाने आपली हत्यारे ठाण्यात जमा करावीत, असा निरोप त्याच आठवड्यात येतो आणि मग घोंगड्यात गुंडाळलेली आमची शस्त्रे रिक्षात आडवी घालून मला निघावे लागते. आज ती दोन आहेत. २०२० सालापर्यंत तीन होती, आणि या लेखातील सारे दुःख त्या तीन या आकड्याचे आहे. मी स्वतः जन्मात कोणत्याही सजीवावर गोळी झाडलेली नाही, आणि डास मारतानाही माझा पहिला नेम चुकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तिन्ही हत्यारे आज्जांची. पहिली बारा बोअरची दुनळी बंदूक. बारा बोअर म्हणजे एका वेळी बारा गोळ्या सुटत असाव्यात, अशी समजूत करून घेतलेल्या पाहुण्याला आज्जा हाताला धरून बसवत आणि सांगत, की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. पाहुण्याचा चहा तोवर निवलेला असे. दुसरी तीनशे पंधराची रायफल. लष्कराच्या थ्री नॉट थ्रीची काडतुसे लोकांच्या हाती पडू नयेत, म्हणून इंग्रजांच्या अमदानीत नागरिकांसाठी हे निराळे माप काढले गेले, आणि इंग्रज गेले तरी माप राहिले. तिसरी बावीसची रायफल, दिसायला सडपातळ, गोळी शेंगदाण्याएवढी, पण खोक्यावर दीड-दोन किलोमीटरपर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली.

एका माणसाला तीन कशाला, हा प्रश्न आमच्या माजघरात पुष्कळ जुना आहे. आज्जांचे उत्तर ठरलेले असे. "ताटात तांबडा, पांढरा आन् सुकं तिन्ही लागतं का न्हाई? एकाच वाटीत कालवून दिलं तर खाशील काय?" त्यांच्या मते पाखराला छऱ्यांची दुनळी, सशाला बावीस आणि रानडुकराला तीनशे पंधरा, सशावर तीनशे पंधरा झाडली तर हाती फक्त कान लागतील आणि डुकरावर बावीस झाडली तर ते डूकर आपल्याला विचारायला येईल. माझे थोरले चुलते विरुद्ध पक्षाचे. ते म्हणत, "ऊसतोड्याकडं कोयते किती असतात? एक. त्या एकावर गडी अख्खा हंगाम काढतोय. ह्यांच्याकडं तीन बंदुका, आन् मटण आणायचं मात्र बाजारातनंच."

यातील शेवटचे वाक्य आज्जांना फार लागे, कारण ते खरे होते. आज्जांच्या शिकारीच्या गोष्टींत जनावरे भरपूर होती, पण घरात त्यांतल्या एकाचेही शिंग नव्हते. पुरावा म्हणून शिल्लक आहे ते एक तांब्याचे घंगाळ. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर नवी तीनशे पंधरा आणली त्या दिवशी आज्जांनी बांधावर नारळ ठेवून नेम धरला. आज्जीने घंगाळ नुकतेच चिंचेने घासून उन्हात पालथे घातले होते. नारळ अखेरपर्यंत शाबूत राहिला आणि संध्याकाळी त्याची चटणी झाली. घंगाळाला दोन भोके आहेत. गोळी शिरली तिथे कडा आत वळलेल्या आहेत, निघाली तिथे तांबे बाहेर उमलून त्याच्या चार पाकळ्या झाल्या आहेत, आणि लहानपणी त्या पाकळ्यांवरून बोट फिरवणे हा आम्हा भावंडांचा आवडता खेळ होता. कल्हईवाल्याने ते भांडे हातात घेतले, सूर्याकडे धरून एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे पाहिले आणि काही न बोलता परत दिले. आज्जीने त्यात माती भरून अळू लावले. पाण्याचा निचरा उत्तम होतो.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आज्जांच्या तिन्ही वाट्या एकदमच पालथ्या झाल्या. दाजीपूरचे रान संस्थानच्या काळी महाराजांच्या शिकारीसाठी राखीव होते. तेच १९५८ पासून गव्यांचे अभयारण्य आहे, आणि तिथला गवा आमच्या मळ्यात येऊन उभा राहिला, तरी आम्ही लांबूनच पाहायचे आणि ऊस किती खाल्ला ते सकाळी मोजायचे. डुक्कर मारायचे तर आधी वनखात्याची परवानगी काढायची, आणि तोपर्यंत भुईमूग संपलेला असतो. वडील रात्री मळ्यावर राखणीला जात तेव्हा बंदूक घरी ठेवून डालड्याचा रिकामा डबा आणि एक दांडके घेऊन जात. ज्या कामासाठी परवाना, ते काम डबा करत असे, आणि डब्याला परवाना लागत नाही. आज्जांच्या बंदुकांना ठरल्याप्रमाणे पुरून उरतील अशी निरनिराळी जनावरे एका जागी पाहायची तर आता न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जावे लागते, आणि ती आधीच पेंढा भरून झालेली आहेत.

तरीही हत्यार आहे म्हटल्यावर त्याला काहीतरी प्रयोजन असावे लागते. वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर करून घेताना अर्जात तसा रकानाच होता. एकच बंदूक असती तर 'पीकसंरक्षण' लिहून मी मोकळा झालो असतो. तीन हत्यारांना तीन कारणे लिहिताना मात्र मला आज्जांची फार आठवण आली. दुनळीपुढे पीकसंरक्षण लिहिले. तीनशे पंधरापुढे स्वसंरक्षण लिहिले. बावीसपुढे पेन थांबले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी मान वर करून विचारले, "हिचं काय करता?" मी खरे ते सांगितले, "पुसतो."

आणि हे अक्षरशः खरे होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लोखंड उघडे राहिले, तर चार दिवसांत त्यावर तांबूस साय धरते. म्हणून महिन्यातून एक रविवार तिन्ही हत्यारे चटईवर मांडायची, नळीतून फुलतरूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी ओवायची, तिच्या टोकाला तेलाची चिंधी बांधायची आणि ओढायची. दुनळीची चिंधी बावीसच्या नळीत अडकते आणि बावीसची चिंधी दुनळीतून नुसती फिरून येते, कुठेही न शिवता. तेव्हा तीन मापांच्या चिंध्या, तीन पुरचुंड्यांत, तीन खुणा करून ठेवाव्या लागत. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण कोणा परवानाधारकाच्या बायकोनेच प्रथम उच्चारली असावी, असे माझे मत आहे. निदान आमच्या घरात ती महिन्यातून एकदा उच्चारली जात असे.

ठाण्यातील रांगेत एका हत्याराचा धनी आणि तीन हत्यारांचा धनी यांतला फरक विशेष कळतो. माझ्या पुढचे गृहस्थ ऑफिसच्या बॅगेतून एक पिस्तूल काढत, क्रमांक सांगत, पावती खिशात घालत आणि दहा मिनिटांत बाहेर जाऊन वडापाव खात. मी घोंगडे सोडले, की आजूबाजूचे लोक खुर्च्या मागे घेत. हवालदारसाहेब चष्मा लावून दुनळी हातात घेत, नळ्यांवरचा झिजलेला क्रमांक मोबाईलच्या उजेडात वाचू पाहत आणि अक्षर आठ आहे की तीन, यावर माझ्यासह रांगेतल्या चौघांचे मत घेत. एकदा नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी मला अतिशय गंभीरपणे विचारले, "नळ्या दोन आहेत, तर नग एक धरायचा का दोन?" मी घाईघाईने एकच म्हणालो. दोन धरले असते, तर माझ्याकडे चार शस्त्रे निघाली असती आणि कायद्याने त्या वेळी तीनच चालत होती.

२०१९ साली तर या तिघींनी मला पुरेपूर पिडले. एप्रिलात लोकसभा, म्हणून ठाणे. निकालानंतर घर. ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या गल्लीत नाव आली. नावेतल्या जवानाने गरजेपुरतेच सामान घ्यायला सांगितले. परवान्याच्या अटीनुसार हत्यार सुरक्षित ताब्यात ठेवणे माझ्यावर बंधनकारक, आणि तीन लांबलचक वस्तू घोंगड्यात बांधून सरकारी नावेत चढायचे मला धैर्य होईना. अखेर शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर आई त्या गाठोड्यावर डोके ठेवून तीन रात्री झोपली. "मी आयुष्यात एवढी कडक उशी घेतली नव्हती," असे ती आजही सांगते. पूर ओसरला, पुसापुशी झाली, आणि ऑक्टोबरात विधानसभा आली, म्हणून पुन्हा ठाणे.

त्याच वर्षी डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. तोपर्यंत एका व्यक्तीला तीन शस्त्रे ठेवता येत. मूळ विधेयकात तो आकडा एक होता, पण त्यावर बरीच हरकत निघाल्यावर संसदेने दोन मंजूर केला आणि वडिलार्जित असले तरी तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करावे, असे ठरले. म्हणजे आमच्या माजघरातला वाद अखेर दिल्लीपर्यंत पोचला आणि तिथेही आमच्या आईप्रमाणेच दोन्ही पक्षांना थोडे थोडे दुखवून मधला आकडा काढण्यात आला. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे केली. त्याबद्दल मी सरकारचा मनापासून ऋणी आहे.

तिसरी कोणती, हे ठरवण्यासाठी टाळेबंदीत मोबाईलवर घरची बैठक भरली. चुलत्यांनी सुरुवातीलाच दोन द्या आणि एक ठेवा, असा ठराव मांडला. कायदा मागत नाही तेवढे कशाला द्यायचे, म्हणून तो पडला. तीनशे पंधरा द्यावी तर ज्या हत्याराची कामगिरी सिद्ध आहे असे ते एकमेव, घंगाळ साक्षीला. दुनळी द्यावी तर दिवाळीत आज्जा तिच्यातून नुसता बार काढत, ही सर्वांची आठवण. एक हत्यार बायकोच्या नावे परवाना काढून घरातच ठेवावे, असे मी सुचवले, त्यावर ती म्हणाली, "आधी घर नावावर करा, मग बंदूक करा." यानंतर त्या मुद्द्यावर कोणी बोलले नाही. माझी भाची नेमबाजी शिकते. कोल्हापुरात हे नवल नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली तेव्हापासून आमच्याकडे ज्या घरात पूर्वी मुलीला भरतनाट्यमला घालत तिथे आता एअर रायफल येते. भाचीला बावीस देता येईल, या आशेने तिला कॅमेऱ्यासमोर धरली. तिने दस्ता पाहिला, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी पाहिली, आणि डॉक्टर जसे नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा स्वरात म्हणाली, "मामा, ही तुम्ही जपून ठेवा." मग तिनेच सांगितले, की थ्री पोझिशनमध्ये खेळाडू गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून असे तीन प्रकारे नेम धरतो, पण रायफल तीच असते. चुलत्यांचा आवाज त्यानंतर पाच मिनिटे कोणाला आवरता आला नाही.

बावीस गेली. तिला विक्रीसाठी एका दुकानदाराकडे जमा करायला मी बसने निघालो नव्हतो हे बरे, कारण रिक्षातच आईचा फोन आला आणि मी मोठ्याने म्हणालो, "हो, तिसरीला सोडून येतो. दोघी राहतील आपल्याकडं." रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिले ते उतरेपर्यंत. दुकानदाराने तिजोरी उघडून दाखवली. आत भिंतीला टेकून तशाच अनेक तिसऱ्या उभ्या होत्या. "जो तो तिसरी घेऊन येतोय," तो म्हणाला, "दुसरी न्यायला कुणी येत न्हाई."

२०२४ च्या १ ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले, तेव्हा चुलत्यांचा पहिला फोन मला आला. राधानगरी तालुक्यातलाच पोरगा, त्यामुळे आनंद होताच, पण फोनचे कारण ते नव्हते. "एकाच रायफलीवर! तुझ्या आज्जाला सांग म्हणावं!" आज्जांना जाऊन वीस वर्षे झाली आहेत. त्या साली मे महिन्यात लोकसभा झाली होती आणि नोव्हेंबरात विधानसभा व्हायची होती, म्हणून त्या वेळी मी घोंगड्याला कसर लागली आहे का ते पाहत होतो.

खंडेनवमीला आईने नेहमीप्रमाणे पाट मांडला. दुनळी आणि तीनशे पंधरा ठाण्यातून परत आलेल्या असल्यामुळे त्या पाटावर बसल्या. उरलेल्या जागेकडे ती थोडा वेळ पाहत राहिली आणि मग कपाटातून दुकानदाराची पावती काढून तिने ती सुपारीखाली ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि नमस्कार केला. परवाच मी त्या पावतीची नोंद करून घ्यायला गेलो होतो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी कागद उजेडाकडे धरला, नखाने जरा खरवडला आणि माझ्यापुढे सरकवला.

"शिक्का दिसत न्हाई," ते म्हणाले. "कुंकवाखाली गेलाय. दुसरी पावती घेऊन या."