गल्लीतला रवीश, खुर्चीतला रवीश

पक्याने मोबाईल पुढे केला. रवीश कुमारचा यूट्यूबवरचा व्हिडिओ. "बघा, नोकरी गेली तरी माणूस संपला नाही. याला म्हणतात करिअर."

"गेली नाही, सोडली," बबन म्हणाला. बबनला एनडीटीव्हीचा हा जुना हिंदी अँकर आवडत नाही, पण चुकीचा तपशील त्याहून आवडत नाही. "३० नोव्हेंबर २०२२. आदल्याच दिवशी एनडीटीव्हीचे संस्थापक रॉय नवरा-बायको आरआरपीआर या आपल्याच कंपनीच्या संचालक मंडळातून बाहेर पडले होते."

मग त्याने कर्जाचं प्रकरण काढलं. एनडीटीव्हीचे २९ टक्के शेअर धरून असलेल्या या आरआरपीआरने २००९-१० मध्ये ४०३ कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं आणि बदल्यात स्वतःची जवळपास सगळी मालकी घेण्याचा हक्क लिहून दिला. कर्ज देणारी कंपनीच २०२२ च्या ऑगस्टमध्ये अदानींनी विकत घेतली. "म्हणजे घर गहाण होतं आणि हा रोज रात्री नऊला त्याच घरातून दुसऱ्यांना गोदी मीडिया, म्हणजे सरकारच्या मांडीवर बसलेले, म्हणायचा!"

"अँकरने काय मालकाच्या कर्जाचे कागद तपासत बसायचं?" पक्या उसळला. "फेब्रुवारी २०१६ आठवतंय? दिल्लीचं जेएनयू विद्यापीठ पेटलं होतं, याने पडदा काळा केला. बाकीच्या चॅनेलांवरचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता."

"नाटक."

"असेल. पण आमच्या बाबांनी त्या रात्री रिमोट खाली ठेवला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय."

मला दोघांचंही पटेना. माझं म्हणणं एवढंच, की हा मुळात रस्त्यावरचा माणूस. 'रवीश की रिपोर्ट' या कार्यक्रमात दिल्लीच्या कडेच्या वस्त्यांतून चालायचा. मजुरांच्या खोल्या, बोळ, आणि बोलणं असं की समोरचा कॅमेरा विसरून जावा. मग प्राइम टाइम मिळाला नि तो बसला. आता यूट्यूबवर तर नुसता तो आणि कॅमेरा. बढती मिळत गेली, चालणं सुटत गेलं. "२०१९ चा मॅगसेसे पुरस्कार म्हणता ना? खेड्यापाड्यांवर लिहिणाऱ्या पत्रकार पी. साईनाथांना २००७ मध्ये मिळाला. ते अजून गावोगाव फिरतायत."

"साईनाथांना रोज रात्री नऊला उभं राहायचं नव्हतं," नाना म्हणाले. नाना निवृत्त प्राध्यापक, आमच्यात बसतात पण भांडणात शेवटी पडतात. "आणि बसून काम होत नाही हे तुला कुणी सांगितलं? २०१७ ची त्याची विद्यापीठांवरची मालिका बघ. कॉलेजं आहेत, शिकवायला माणूस नाही. रोज एक नवं कॉलेज. पुढच्या वर्षी नोकरभरतीवर तसंच. परीक्षा झाली, निकाल नाही. निकाल लागला, नेमणूक नाही. ही माहिती कुठून आली? पोरांच्या मेसेजमधून. १९९६ मध्ये हा एनडीटीव्हीत लागला तेव्हा काम काय होतं माहितीये? प्रेक्षकांची पत्रं निवडायचं. परत पत्रांवरच आला तो."

हे मला सुचलं नव्हतं. तरी म्हटलं, "नाना, मेसेज पाठवणारा त्याचा प्रेक्षकच असतो. ज्या बोळात त्याला कुणी ओळखत नव्हतं, तिथला माणूस मेसेज कशाला करेल?"

"तो तुलाही करणार नाही," बबन म्हणाला. बबन तोवर माझ्या बाजूने होता, म्हणून लक्षात राहिलं.

"आणि न्यूज चॅनेल बघू नका असं टीव्हीवर बसून सांगणारा हाच!" बबनने आणखी एक हाणला.

"आणि लोकांनी ते ऐकलं असतं तर त्याचाच पगार गेला असता," पक्या म्हणाला. "तरी सांगत होता ना?"

यावर बबन गप्प. क्षणभरच.

शेवटी नाना म्हणाले, लाव बरं तो व्हिडिओ. पक्याने लावला. नेहमीचंच: एक वाक्य, थांबणं, अर्धं हसू, पुढचं वाक्य. दोन मिनिटांत बबन घड्याळ बघायला लागला. "किती मोठाय?"

"पंचवीस मिनिटं."

"स्पीड वाढव."

पक्याने नाइलाजाने दुप्पट केला. थांबणं गेलं, हसू गेलं. रवीश तडातडा बोलायला लागला.

"आता कसा," बबन म्हणाला, "बाकीच्यांसारखा वाटतोय."