पंचविशीत पक्का झालेला माणूस आणि चाकणची सेकंड शिफ्ट

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, प्लँटच्या आणि आमच्या ढोल पथकाच्या. मजकूर थोडक्यात असा. मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो, पुढे माणूस बदलत नाही. म्हणून लीडर घडवता येत नाही, निवडावा लागतो. निवडायला खाली १० प्रश्न. ज्याचे गुण जास्त, त्याची ‘मानसिक पायरी’ वरची, टीम त्यालाच द्या. शेवटी ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’. चाकणमध्ये १९ वर्षं काढलेल्या माणसाला यावर गप्प बसवत नाही.

आधी मेंदू. सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग विशीतही पक्का होत असतो, एवढं खरं. पण २५ व्या वाढदिवसाला कुणी त्याला कुलूप लावत नाही. तिशीत स्वभाव प्लॅस्टरसारखा घट्ट होतो, असं विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय. फॉरवर्ड तसा शिळाच. त्याच त्याच माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारे ९२ नमुने २००६ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी एकत्र तपासले, तेव्हा स्वभावातले बहुतेक बदल २० ते ४० या वयातलेच निघाले. गंमत म्हणजे मोठ्यांच्या ‘मानसिक पायऱ्यां’ची कल्पना मांडणाऱ्यांतले एक ठळक नाव हार्वर्डचे रॉबर्ट केगन, आणि मोठेपणीही माणूस पायरी चढतो हाच त्यांचा मूळ मुद्दा. पायऱ्या मानायच्या आणि चढणं नाकारायचं, हे कसं जमतं?

आता माझंच सांगतो. तेव्हा मी ३६ वर्षांचा, सेकंड शिफ्टचा इनचार्ज. ऑपरेटरने मापाचा एअर गेज दाखवला: बोअर, म्हणजे पार्टमधलं गोल भोक, वरच्या मर्यादेच्या जरासा बाहेर. माल अडवायचा लाल टॅग माझ्या हातात. दुपारीच साहेब म्हणून गेले होते, “आज गाडी गेलीच पाहिजे.” टॅग मी खिशात घातला. गाडी गेली, आणि आठवड्याने माल परतही आला. मला बोअरची मर्यादा माहीत नव्हती असं नाही. केगन यांच्या तिसऱ्या पायरीचं, म्हणजे इतरांच्या मतावर चालणाऱ्या माणसाचं, वर्णन पुढे वाचलं तेव्हा कळलं: साहेबांची नाराजी ही माझ्यासमोरची गोष्ट नव्हतीच, तो माझ्या डोळ्यांवरचा चष्मा होता. त्यातूनच मी बोअर बघत होतो.

बदललो कसा? ट्रेनिंगने नाही. क्वालिटीतले एक काका रोज एकच प्रश्न विचारायचे: “ते राहू दे, तुला काय वाटतं?” दीड वर्ष हे चाललं. मग मी लाईन थांबवायला लागलो.

‘वरची पायरी म्हणजे चांगला लीडर’ हा मुद्दा इथेच फसतो. स्वतःचं मत आल्यावर, म्हणजे चौथ्या पायरीवर, मी एवढा ताठ झालो की एकदा दीड तास लाईन बंद ठेवली. ऑपरेटर सांगत होता, “सर, मास्टर रिंगच घासलीय,” आणि मी त्याला प्रोसेस समजावत होतो. गेज जिच्यावर जुळवतात ती रिंगच घासलेली निघाली. आपल्याच चौकटीबाहेरचं ऐकणं ही केगन यांची पाचवी पायरी. तिथवर पोचलेले फार थोडे. मी तर नाहीच.

राहिले ते १० प्रश्न. केगन यांच्या पद्धतीत तासाभराहून लांबणारी मुलाखत असते. माणूस काय म्हणाला यापेक्षा तो अर्थ कसा लावतो हे बघतात. अशाच पायऱ्या मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ जेन लोव्हिंजर यांच्या चाचणीत ३६ अर्धवट वाक्यं पुरी करायची, आणि ती तपासायलाही तयारीचा माणूस लागतो. फॉरवर्डमध्ये ‘तुम्ही दबावाखाली शांत राहता का? हो / नाही’. हो लिहायला काय जातंय?

शिवाय प्रश्न लीडर निवडण्यापुरता नाहीच, पुढे त्याला घडवण्याचाही आहे. नेतृत्वाच्या अशाच पायऱ्या मांडणाऱ्या रूक आणि टॉरबर्ट यांच्या २००५ च्या लेखात, अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांच्या अनुभवावरून, तपासलेल्यांपैकी ३८ टक्के ‘एक्स्पर्ट’ पायरीवर दाखवलेत: कामात तरबेज, पण आपलंच बरोबर मानणारे. टक्केवारी तिकडची, पण सगळ्यात हुशार ऑपरेटरला सुपरवायझर करून त्याला तसंच सोडून देणं आपल्याकडेही रोजचं आहे.

परवा एक नवा मुलगा लाल टॅग घेऊन आला. “सर, बांधू का?”

“तुला काय वाटतं?”

“तुम्हीच सांगा ना, सर.” चांगलाच वैतागला होता. मी काही बोललो नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग बोअर परत मोजायला गेला.