टेकडी हवी असेल तर पैसे मोजा

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा बीडीपीचा, म्हणजे पुण्याच्या टेकड्यांवरच्या आरक्षणाचा, वाद पेटला. एका वर्गमित्राने लिहिलं, "टेकड्या वाचवा म्हणणारे सगळे आपापल्या फ्लॅटमध्ये बसून बोलतात. काहीजण तर अमेरिकेत बसून. हे श्रीमंत देशांचे लाड आहेत. इथे माणसांना राहायला जागा नाही." ग्रुपवर अमेरिकेत राहणारी मी एकटीच, त्यामुळे रोख कोणावर होता ते उघड होतं. मी उत्तर दिलं नाही. पण राग गेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९९७ मध्ये आजूबाजूची २३ गावं महापालिकेत आली. त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण पडलं. जमीन ९७८ हेक्टर. चार टक्के बांधकामाला परवानगी द्यायची की अजिबात द्यायची नाही, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम केलं आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. मालकांना तो मान्य झाला नाही, आणि वाद आजही तिथेच आहे.

आता श्रीमंतांच्या लाडांविषयी. मी नोकरीला कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरला जाते. डोंगराला खेटून वसलेलं हे गाव १९५९ मध्ये जेमतेम ३७ हजार वस्तीचं होतं. तेव्हा लोकांनी मतदान घेऊन ठरवलं की डोंगराच्या उतारावर ५,७५० फुटांच्या रेषेच्या वर पालिकेचं पाणी द्यायचं नाही. पाणी नाही म्हटल्यावर बंगले नाहीत. पुढे वरच्या एका पठारावर आलिशान हॉटेल यायची चिन्हं दिसू लागली, तर १९६२ मध्ये गावाने कर्जरोख्यांना मत दिलं आणि १ लाख ५ हजार डॉलरला ती जागा विकत घेतली. १९६७ मध्ये लोकांनी स्वतःवरच विक्रीकर लावून घेतला: शंभर डॉलरच्या खरेदीवर ४० सेंट, आणि तो पैसा मोकळ्या जमिनी घेण्यासाठी. आज पालिकेच्या ताब्यात ४५ हजार एकरांहून जास्त जमीन आहे. फेब्रुवारी ते जुलै गावामागच्या फ्लॅटआयर्न डोंगराच्या काही कड्यांवर ससाण्यांच्या घरट्यांसाठी चढाई बंद असते. ब्रॉडवे या मुख्य रस्त्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, अस्वलाला उघडता येणार नाही असाच कचऱ्याचा डबा ठेवावा लागतो. याची इथे कोणाला तक्रार नसते.

यातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच. त्यांनी जमीनमालकाला पैसे दिले. काही ठिकाणी जमीन शेतकऱ्याचीच राहू दिली आणि फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतला. तो आजही तिथे गवत कापतो, गुरं चारतो.

आपल्याकडे काय होतं ते मी याच वर्गमित्राबरोबर पाहिलं आहे. बावधनला उतारावर त्याच्या वडिलांची जमीन आहे. बीडीपीत गेलेली. मागच्या वेळी गेले तेव्हा तो मला दाखवायला घेऊन गेला. त्याच्या बांधावर निवडुंग आणि बोरी होत्या. बांधापलीकडे शेजाऱ्याने गुंठ्या-गुंठ्याने विकून टाकलं होतं. जेसीबीने उतार कापून लाल मुरूम उघडा पाडलेला, चुना लावलेले हद्दीचे दगड, हिरव्या पत्र्यांची कुंपणं, एका पत्र्याआड बोअर मारून तयार. सातबारा सामाईक, व्यवहार नोटरीवर. "बघ," तो म्हणाला, "नियम पाळला तो मूर्ख ठरला. माझ्या बापाच्या नावावर जमीन आहे, पण ना विकता येते, ना बांधता येतं. आठ टक्के टीडीआर घेऊन मी काय करू?" याच माणसाने परवा ग्रुपवर ते वाक्य लिहिलं. त्याच्या रागाचं कारण मला समजतं. त्याने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

९७८ हेक्टर म्हणजे दहा चौरस किलोमीटरही नाहीत. त्यावर बंगले आणि टॉवर उभे केले तर घरांचा प्रश्न सुटेल यावर माझा विश्वास नाही. असे बंगले आणि टॉवर कधीच गरिबाचे नसतात. पाण्याचं काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१३ च्या जूनमध्ये कात्रज घाटाखाली शिंदेवाडीत टेकडी फोडून पाण्याची वाट अडवलेली होती, आणि पहिल्याच मोठ्या पावसात आई आणि मुलगी वाहून गेल्या. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते विसरलेला पुणेकर मला भेटलेला नाही. रामनदीला बावधनच्या उतारांवरूनही पाणी येतं.

बोल्डरचंही सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. तिथे साधं घर दहा लाख डॉलरच्या खाली मिळत नाही. शिक्षक, नर्स, बसचालक आणि माझ्यासारखे हजारो लोक रोज बाहेरून येतात. आम्ही शेजारच्या लुईसव्हिल गावात घर घेतलं. तिथेही मोकळी गवताळ जमीन अगदी जवळ, आणि तिचं दुसरं रूप ३० डिसेंबर २०२१ ला दिसलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वारा होता. जवळच्या मार्शल वस्तीकडून आग गवतावरून धावत आली आणि काही तासांत हजारावर घरं गेली. पासपोर्टची फाइल, मुलीची औषधं आणि आजीची पैठणी एवढंच घेऊन आम्ही गाडीत बसलो. आमचं घर वाचलं. तीन गल्ल्या पलीकडे फक्त चिमण्या उभ्या राहिल्या, विटांच्या. घराला लागून असलेली लाकडी कुंपणं वातीसारखी पेटली होती. डोंगर आणि घर यांच्यात किती अंतर ठेवायचं, मध्ये काय लावायचं, काय नाही, हे नकाशावर आधीच ठरवावं लागतं. इथे आगीसाठी, पुण्यात पाण्यासाठी.

बोल्डरने १९७१ मध्ये इमारतींची उंची ५५ फुटांवर अडवली. ती गोष्ट मात्र पुण्याने घेऊ नये. बाहेर जमीन राखायची आणि आत उंच बांधू द्यायचं नाही, याने फक्त भाव चढतात. कोथरूडची आमची तीन मजली सोसायटी पाडून अकरा मजली झाली. आई सातव्यावर राहते आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. मेट्रोच्या दोन्ही अंगांना बांधा, भरपूर बांधा. टेकडीही हवी आणि शेजारी उंच इमारतही नको, असं म्हणणाऱ्या माझ्या जुन्या शेजाऱ्यांशी माझं याच कारणाने पटत नाही.

वर्गमित्राने नंतर वेगळा मेसेज केला. "रागावू नकोस गं. पण तू परत येणार आहेस का?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतली आमची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, सरकत नाही, मुलगी इथल्या शाळेत रमली आहे. मोकळ्या जमिनींचा कर मी बोल्डरमधल्या प्रत्येक खरेदीवर भरते, पण इथे मला मत नाही. पुण्यात मतदानाच्या दिवशी मी नसते. आमची जुनी बिल्डिंग गेली, बाबा गेले. वेताळ टेकडी तेवढी आहे. बाबांबरोबर पहाटे पाषाणच्या पंचवटीच्या बाजूने चढायचं, खाणीतल्या पाण्यापाशी थांबून मोरांचा आवाज ऐकायचा, आणि बाबांनी खिशातल्या खारकांपैकी एक मला द्यायची. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीवरून होऊ घातलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध हजारो लोक टेकडीसाठी चालले, तेव्हा इथे रात्र होती आणि मी फोनवर व्हिडिओ बघत रडत होते. तिथलं माझं म्हणण्यासारखं आता तेवढंच उरलंय.

पण माझ्या आठवणी जपण्यासाठी बावधनच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपली जमीन फुकट अडकवून ठेवावी, हे मी मागू शकत नाही. कोणीच मागू नये. मोर्चात चाललेल्या प्रत्येकाला, आणि मला, ती किंमत भरावी लागेल. मिळकत कराच्या बिलात वृक्षकर असतो, तशी टेकडी खरेदीची वेगळी ओळ टाका. तो पैसा रस्त्यांकडे वळवता येणार नाही अशी तरतूद करा आणि ज्यांनी आजवर गुंठे पाडले नाहीत त्यांच्या जमिनी आधी घ्या. आईच्या फ्लॅटचं बिल मी इथून ऑनलाइन भरते. त्यात ही रक्कम वाढून आली तर मी ती पहिल्याच आठवड्यात भरेन, आणि ग्रुपवरच्या प्रत्येक फ्लॅटवाल्याला भरायला लावेन.