पाव आटा

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं जमतात. नव्या गाडीचं उघडलं तर कुणी फिरकत नाही, कारण आत काळं प्लास्टिकचं झाकण असतं आणि प्लास्टिकवर मत देता येत नाही. जुन्या गाडीत सगळा संसार उघड्यावर असतो. त्यात सगळ्यात वर, सहज हाताला लागेल असा, कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणारा. त्याला स्क्रू असतात. आणि स्क्रू दिसला की बघणाऱ्याच्या बोटांना खाज सुटते.

माझ्या गाडीचं दुखणं असं. सकाळी चोक ओढला की एका फटक्यात चालू. अर्धा-पाऊण तास अगदी गुणाने पळणार. मग इंजिन नीट तापलं की सिग्नलला, चढावर, किंवा (ही तिची खास आवड) वळण घेताना बरोबर मध्यावर, दोन आचके द्यायचे आणि गप्प व्हायचं. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमते, ही ढिम्म हलत नाही. मागे हॉर्नची मैफल. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून राहिलं की पुन्हा एका फटक्यात चालू! जणू मीच मघाशी खोटं बोलत होतो.

जमलेल्यांचं निदान एकमुखी: कार्बोरेटर. त्यानंतर मात्र फाटे फुटायचे. एक म्हणायचा मिक्स्चर रिच आहे (पेट्रोल जास्त), दुसरा म्हणायचा लीन आहे (पेट्रोल कमी). आजार एकमेकांच्या विरुद्ध, औषध एकच: ‘काका, पाव आटा फिरवा.’ म्हणजे स्क्रूला पाव फेरा. हा पाव आटा उजवीकडे द्यायचा, पुढच्या चौकातला डावीकडे. त्यामुळे मिक्स्चरचा स्क्रू महिनाभर फिरूनही साधारण जागच्या जागीच राहिला असावा. आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरावं ते ठरवणारा स्क्रू मात्र एकाच दिशेने चढत गेला. बंद पडते ना? मग जरा रेस वाढवून ठेवा. या मुद्द्यावर मतभेद नव्हते.

एक गृहस्थ पेट्रोलच्या नळीला लाकडी चिमटे लावा म्हणाले. कपडे वाळत घालायचे चिमटे. ते उष्णता शोषतात म्हणे. लाकूड किती उष्णता शोषणार, हा प्रश्न मला पडला होता. पण बंद गाडीत बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा अधिकार नसतो. चिमटे लागले. गाडी बंद पडतच राहिली. बायकोने विचारलं, ‘दोरीवरचे टॉवेल उडून गेलेत, ते कार्बोरेटरमुळे का?’

खरं सांगायचं तर मला कार्बोरेटरची दया येते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनात एका भागाला १४.७ भाग हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलला जवळपास नऊ हजार लिटर हवा. हा हिशेब तो कॉम्प्युटरशिवाय मांडतो, हाताशी काय, तर पितळेची दोन-चार बारीक भोकं (त्यांना जेट म्हणतात), एक तरंगता फ्लोट आणि एक सुई. हवेची वाट मध्येच अरुंद केली की हवा जोरात धावते आणि तिथला दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरी यांनी १७९७ साली पाण्याच्या प्रवाहावरच्या प्रयोगांत मांडलं होतं. त्या उतरलेल्या दाबावर पेट्रोल वर ओढलं जातं. एवढं काम करणाऱ्याला आपण काय देतो? पाव आटा.

बरं, कार्बोरेटर खरंच आजारी असला तर तो लपवत नाही. आयडल जेटमध्ये कचरा अडकला की पाय उचलताक्षणी इंजिन बसतं आणि रेस दिली की चालतं. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेच्या, गॅस्केटमधून हवा खात असेल तर आयडलिंग वर-खाली झुलत राहतं. फ्लोटची पातळी चुकली तर एक तर पेट्रोल भळाभळा वाहतं, नाहीतर वेगात असताना कमी पडतं. (जेट साफ करायला तार घालू नये, हे जाता जाता. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. हवेचा फवारा मारावा.) पण यातलं कुठलंच दुखणं अर्धा तास दम धरून मग बरोबर वळणावर प्रकट होत नाही.

आमचे मिस्त्री मितभाषी. सगळं ऐकून त्यांनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘साहेब, कार्बोरेटरचे निम्मे आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये असतात. बंद पडेल तेव्हा तिथल्या तिथे बघा. गार झाली की पुरावा गेला.’ डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारी डबी.

त्यांच्या मते संशयित तीन, आणि तिघांची वागणूक हुबेहूब सारखी: गरम झाल्यावर दगा, थोड्या विश्रांतीनंतर साळसूद. पहिला, नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. दुसरा, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजणं. पेट्रोल जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पंप हात टेकतो. तिसरा, तापल्यावर करंट जाणं. हे ओळखायचं तर गाडी बंद पडल्यापासून दोन-तीन मिनिटांत तपास आटोपायला हवा, तोही हॉर्नच्या पार्श्वसंगीतात.

मी जुना स्पार्क प्लग आणि पाना खिशात घालून हिंडू लागलो, आणि गाडी बंद पडायची थांबली. मुद्दाम दुपारच्या उन्हात काढली, चढावर नेली, वळणावर रेंगाळलो. छे! शेवटी बायको म्हणाली, ‘तुझ्या खिशातला पाना तिला दिसतोय. डिकीत टाक.’ टाकला. परतीच्या वाटेवर दोन आचके आणि शांतता. तपासासाठी एवढ्या आनंदाने गाडीतून उतरलेला माणूस मागच्या ड्रायव्हरांनी पाहिला नसावा.

आधी टाकीचं झाकण फिरवलं. आतून ‘फुस्स’ आवाज आला असता तर आरोपी तोच. आवाज नाही. मग एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात डोकावत थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेचा, दांडा हाताने ओढला. पेट्रोलची बारीक चिळकांडी स्वच्छ उडाली. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत येत होतं आणि कार्बोरेटर निर्दोष होता. तोवर एक गृहस्थ पुढे झालेच होते, ‘मिक्स्चरचा स्क्रू जरा पाव...’ मी त्यांच्या आणि स्क्रूच्या मध्ये उभा राहिलो.

एअर क्लीनर परत बसवून, पेट्रोलचा वास उडून गेल्यावर खिशातला, म्हणजे आता डिकीतला, प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि बायकोला किल्ली फिरवायला सांगितलं. ठिणगी निळसर-पांढरी हवी. इथे एक पिवळट, मरतुकडी ठिणगी कधी यायची, कधी यायचीच नाही.

मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं, काळेनिळे पडलेले, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकडी. गुन्हेगार शेजारीच बसला होता: कंडेन्सर. अंगठ्याच्या पेराएवढी पत्र्याची डबी. पॉइंट उघडताना करंट तिथेच उडून वाया जाऊ नये, एवढंच त्याचं काम. आतली जोडणी तापली की सुटायची, गार झाली की पुन्हा चिकटायची. नवा कंडेन्सर, नवे पॉइंट, फिलर गेजने ०.४ मिलिमीटरची फट. ‘एक कंडेन्सर जास्तीचा जवळ ठेवा,’ मिस्त्री म्हणाले, ‘नव्या मालाचा भरवसा नाही.’

त्या दिवशी मी गाडी भर उन्हात तासभर दामटली. सिग्नल, चढ, वळणं, कुठेही आचका नाही. चिमटे दोरीवर परत गेले होते. घरासमोर थांबून ऐटीत किल्ली काढली आणि उतरलो. इंजिन चालूच. किल्ली माझ्या हातात आणि गाडी ढुक-ढुक, ढुक-ढुक करत अंग घुसळतेय.

‘झाली ना दुरुस्त? मग बंद कर की,’ बायको दारातून म्हणाली.

‘बंदच केलीय.’

चौकाचौकातल्या हितचिंतकांनी आयडलिंगचा स्क्रू एवढा चढवून ठेवला होता की थ्रॉटलची फट मिटतच नव्हती. हवा-पेट्रोल आत जात होतं आणि आतला तापून लाल झालेला कार्बन ते ठिणगीशिवायच पेटवत होता. मी परत आत बसलो, ब्रेक घट्ट दाबला, सगळ्यात वरचा गिअर टाकला, झटकन क्लच सोडला आणि गाडी स्वतःच्या हाताने बंद पाडली.