सातचा भोंगा, नऊची शाळा

आमची वहिनी कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जाते. पाळी आठची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेव्हा पोरांची झोप होईल म्हणून मला इथं स्वीडनमध्ये बसून आनंद झाला. वहिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, नऊपर्यंत याला ठेवू कुणाकडं?" शेवटी तिसरीतला पुतण्या साडेसातच्या ट्यूशनला जायला लागला. वाचलेली झोप शिकवणीनं नेली.

इथं माझी मुलगी सातला शाळेतच पोचते. शाळा भरण्याआधी आणि सुटल्यावर तिथं 'फ्रितिद्स' असतं: नाश्ता, गोष्टींची पुस्तकं, सुतारकाम, बर्फातले खेळ. पक्ष्यासाठी लाकडी घर करताना ती सेंटिमीटर शिकली. पट्टी घेऊन कुणी तिला बसवलं नव्हतं. आईबाप नोकरी करत किंवा शिकत असतील, तर मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत ही सोय करणं नगरपालिकेला कायद्यानं बंधनकारक आहे. शुल्क घरच्या उत्पन्नावर, पहिल्या मुलाला फार तर २ टक्के. गट मोठे आणि शिक्षक कमी, ही इथल्या पालकांची तक्रार माझीही आहे. पण मूल कुणाच्या भरवशावर सोडायचं, हा घोर आईच्या एकटीच्या जिवाला नाही.

आपल्याकडं हे जमणार नाही, असं भाऊ म्हणतो. मला पटत नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं ऑगस्ट २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळ पोरांची आहे, हे अख्ख्या गावानं मान्य केलं! मला त्याचा फार अभिमान वाटतो. तरी नुसत्या शांततेनं भागत नाही. आई उसाच्या फडातून नुकती आलेली, बापाला भागाकार येत नाही, अशा घरात पोरगं अडलं की अडलंच. त्याच्या शेजारी बसणारं माणूस हवं, आणि त्या माणसाला मानधन हवं. वर्गखोल्या सकाळी रिकाम्याच असतात. डी.एड. होऊन घरी बसलेली मुलं-मुली गावोगाव आहेत.

वहिनी आता शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज देणार आहे. साडेसात ते नऊ, एक वर्ग, एक ताई, आणि गृहपाठाची सक्ती नाही. मजकूर मी काल रात्री लिहून पाठवला. खाली सह्या करायला आणखी सहा आया तयार आहेत.